पाणी कुणाचं आणि पाण्यात काय? : कॅम्प लेजून ते रावळपिंडी

‘सैन्यात जात बघत नाहीत, गोळी सगळ्यांना सारखीच लागते.’ हे वाक्य आपण प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलं आहे, आपल्याच वस्तीतल्या निवृत्त जवानाच्या तोंडूनसुद्धा. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गोळी खरंच जात विचारत नाही. पण गोळी हा सैनिकाच्या मरणाचा एक प्रकार झाला. आपल्याच तळावरच्या नळातून घरात येणारं मरण हा दुसरा प्रकार. ‘प्रयोग’ म्हणून बंद खोलीत सोडलेल्या वायूचं मरण हा तिसरा. या दोन प्रकारांत शत्रू कुठेच नसतो. असतं ते आपलंच सरकार, आपलेच अधिकारी आणि त्यांच्या फायली. या मरणाचा इतिहास वाचला की ‘सगळे सारखे’ या वाक्यातली हवा निघून जाते.

सुरुवात १९४१ सालापासून करू. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन शोषित समाज जवळपास एकच मागणी करत होते.

आपल्याकडे महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात ‘लढवय्या जाती’ नावाच्या भंपक सिद्धांतावर बंद केली होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेल्यांची नातवंडं-पतवंडं अचानक ‘बिगर-लढवय्यी’ ठरली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतीपत्र लिहिलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ ला मोडली. बाबासाहेब स्वतः महूच्या छावणीत जन्मले, सुभेदार रामजींचे पुत्र. लष्करातली नोकरी म्हणजे शाळा, पगार, पेन्शन आणि गावगाड्याबाहेरचं जगणं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. भरतीची मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

त्याच वर्षी अमेरिकेत ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या स्लीपर डब्यांतल्या कृष्णवर्णीय हमालांच्या युनियनचे नेते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना बजावत होते की, संरक्षण उद्योगातला भेदभाव थांबवा, नाहीतर आम्ही हजारोंच्या संख्येने वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. मोर्चाची तारीख ठरली होती १ जुलै. रूझवेल्टनी २५ जूनला भेदभावबंदीचा कार्यकारी आदेश ८८०२ काढला. त्यानंतरच्या वर्षी अमेरिकेच्या मरीन कोअरला कृष्णवर्णीयांसाठी दार उघडावं लागलं. मरीन कोअर म्हणजे तिथल्या लष्कराचं सर्वांत ‘सोवळं’ अंग. त्याचे तेव्हाचे प्रमुख जनरल होलकोम्ब उघडपणे म्हणत होते की, अडीच लाख निग्रोंपेक्षा मला पाच हजार गोरे बरे.

उत्तर कॅरोलायना राज्यात समुद्रकाठी मरीन कोअरचा एक प्रचंड तळ तेव्हा नुकताच उभा राहत होता. कॅम्प लेजून त्याचं नाव. त्या जमिनीवरून शेकडो शेतकरी कुटुंबं उठवली गेली आणि त्यांत अनेक कृष्णवर्णीय होती. गुलामगिरी संपल्यावर दोन-तीन पिढ्या राबून त्यांनी ती जमीन मिळवली होती. या तळाच्या एका कोपऱ्यात ‘मॉन्टफर्ड पॉइंट’ नावाची वेगळी छावणी उभारली. १९४२ ते १९४९ या काळात सुमारे २०,००० कृष्णवर्णीय मरीन तिथे तयार झाले. मुख्य तळावर जायचं असेल तर सोबत गोरा मरीन हवा, नाहीतर प्रवेश नाही. म्हणजे एकाच तळाचे गावठाण आणि महारवाडा असे दोन भाग. वर्दी एक, झेंडा एक, शपथ एक, वस्ती मात्र वेगळी. आपल्याला हे समजावून सांगायला कुणी समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

आता त्या तळाच्या पाण्याकडे येऊ.

कॅम्प लेजूनचं पिण्याचं पाणी विहिरींचं. जमिनीतून उपसायचं, शुद्धीकरण केंद्रात आणायचं आणि नळाने घरोघर पोचवायचं. तळाच्या कुंपणाबाहेर एक ड्राय-क्लिनिंगचं दुकान होतं. कपडे धुण्यासाठी तिथे पर्क्लोरोइथिलीन वापरत आणि ते जमिनीत मुरत गेलं. ‘टरावा टेरेस’ या कौटुंबिक वसाहतीच्या विहिरी त्याच्या जवळच होत्या. दुसऱ्या भागात, हॅडनॉट पॉइंटला, दोष बाहेरच्या कुणाचाच नव्हता. यंत्रांचे आणि वाहनांचे सुटे भाग धुवायचं, त्यांवरचं ग्रीस काढायचं ट्रायक्लोरोइथिलीन तळावरच सांडत होतं, पुरलं जात होतं. जमिनीखालच्या इंधनाच्या टाक्या गळत होत्या आणि त्यांतलं बेंझीन पाण्यात उतरत होतं. ही द्रव्यं डोळ्याला दिसत नाहीत. पाणी गढूळ होत नाही. भांड्यात घेतलं तर स्वच्छ आणि नितळ दिसतं. त्यातच बाळाच्या दुधाची पावडर कालवायची, त्यातच डाळ शिजवायची आणि त्याच गरम पाण्याने बंद न्हाणीघरात आंघोळ करायची. ही द्रव्यं वाफेसोबत हवेत येतात, त्यामुळे पाणी न पिताही ती श्वासातून शरीरात जातात.

हे चाललं ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७, म्हणजे ३४ वर्षं. या काळात तिथे राहून किंवा काम करून गेलेल्यांची संख्या दहा लाखांपर्यंत असावी, असा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेचाच अंदाज आहे.

माहिती कधी कळली, हा खरा प्रश्न. १९८० च्या अखेरीस पाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले तेव्हा लष्कराच्याच प्रयोगशाळेने अहवालावर शेरा मारला की, पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावकांचं मोठं प्रदूषण आहे. १९८२ मध्ये एका खाजगी प्रयोगशाळेने द्रव्यांची नावं घेऊन कळवलं. त्या वर्षी हॅडनॉट पॉइंटच्या नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन सापडलं अब्जात १,४०० भाग. पुढे अमेरिकेने या द्रव्यासाठी जी मर्यादा ठरवली ती आहे अब्जात ५ भाग. म्हणजे २८० पट. विहिरी बंद व्हायला सुरुवात झाली १९८४ च्या नोव्हेंबरात. आणि एप्रिल १९८५ मध्ये टरावा टेरेसच्या रहिवाशांना वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचं जे पत्रक मिळालं त्यात काय होतं? काही रसायनांचा ‘अंश’ सापडला आहे, खबरदारी म्हणून विहिरी बंद केल्या आहेत, पाणी जरा जपून वापरा.

इथे मी थोडा थांबतो, कारण इथे मला महाड आठवतं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या पाण्यात त्या दिवशी कोणतं रसायन मिसळलं गेलं? कोणतंही नाही. तरी सनातन्यांनी तळं ‘बाटलं’ म्हणून १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलं, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतलं. म्हणजे प्रदूषण नसलेल्या पाण्याची ‘शुद्धी’ ताबडतोब, ब्राह्मणांच्या उपस्थितीत, गावभर गाजावाजा करून. आणि कॅम्प लेजूनमध्ये प्रत्यक्ष विष असलेल्या पाण्याला ‘अंश’ म्हणून वर्षानुवर्षं नळाला चालू ठेवलं. पाणी शुद्ध की अशुद्ध, हे दोन्हीकडे पाणी बघून ठरलंच नाही. ते ठरलं सत्ता कुणाची आणि पिणारा कोण यावरून. महाडचा सत्याग्रह फक्त तहान भागवण्यासाठी नव्हता, हे बाबासाहेबांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं. तो समतेसाठी होता. समतेच्या त्या हक्कात पाण्याला हात लावण्याचा हक्क जसा येतो, तसा त्या पाण्यात काय आहे ते जाणून घेण्याचा हक्कही येतो, असं माझं मत आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर विरोधक आपल्याला बरोबर पकडतील. कॅम्प लेजूनच्या पाण्याने वंश बघितला नाही. मॉन्टफर्ड पॉइंटची वेगळी छावणी १९४९ ला संपली आणि पाण्यातलं विष सुरू झालं १९५३ ला. ते गोऱ्यांनी प्यायलं, काळ्यांनीही प्यायलं. सर्वांत जास्त प्यायले ते वसाहतीत कुटुंबासह राहणारे जवान, त्यांच्या बायका आणि पोरं. तेव्हा ‘हा फक्त वंशवाद आहे’ असं म्हणणं चूक ठरेल. पण श्रेणीबद्ध व्यवस्था वरच्याला सोडून बाकी सगळ्यांना कशी गिळते, हे बाबासाहेबांचं विवेचन इथे नेमकं लागू पडतं. ज्या यंत्रणेला खालच्या माणसाला उत्तर द्यायची सवयच नसते, ती उद्या तिच्या लाडक्यांनाही उत्तर देत नाही.

जेरी एन्समिंगर यांची गोष्ट याचं उदाहरण. हे गोरे मरीन मास्टर सार्जंट, २४ वर्षांची नोकरी, नव्या पोरांना घडवणारे ड्रिल इन्स्ट्रक्टर. म्हणजे संस्थेचा अगदी आतला, निष्ठावान माणूस. त्यांची मुलगी जेनी आईच्या पोटात असताना कुटुंब त्या वसाहतीत राहत होतं. सहाव्या वर्षी तिला ल्युकेमिया झाला आणि १९८५ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. हे का झालं, हा प्रश्न बाप बारा वर्षं उराशी घेऊन जगला. १९९७ च्या एका संध्याकाळी जेवणाचं ताट हातात घेऊन ते टीव्हीसमोर आले आणि बातमी लागली की, कॅम्प लेजूनच्या पाण्यातल्या रसायनांचा बालकांच्या कर्करोगाशी संबंध असू शकतो. हातातलं ताट तिथेच पडलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. लक्षात घ्या, मरीन कोअरने त्यांना पत्र पाठवलं नाही, बोलावलं नाही, टीव्हीने सांगितलं.

पुढे त्यांनी जे केलं ते आपल्या कार्यकर्त्यांनी शिकण्यासारखं आहे. त्यांनी कागद गोळा केले. विहिरींची नोंदवही, प्रयोगशाळांचे अहवाल, अंतर्गत पत्रव्यवहार, हजारो पानं. माईक पार्टेन नावाचा दुसरा माणूस त्यांना येऊन मिळाला. हा १९६८ ला त्याच तळावरच्या रुग्णालयात जन्मला आणि २००७ मध्ये, ३९ व्या वर्षी, त्याला स्तनाचा कर्करोग झाला. पुरुषाला, घराण्यात कुणाला नसताना. या दोघांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी शोधायला सुरुवात केल्यावर लेजूनशी संबंध असलेले स्तनकर्करोगाचे शंभरहून अधिक पुरुष सापडले. जवळच्या जॅक्सनव्हिल शहराच्या स्मशानात तान्ह्या मुलांच्या कबरींचा एक भाग आहे. लोक त्याला ‘बेबी हेवन’ म्हणतात. गर्भपात झाला, मूल मेलेलं जन्मलं, तेव्हा त्या बायकांना काय वाटलं असेल? आपल्याकडे वाटतं तेच. आपलंच काहीतरी चुकलं, आपल्याच नशिबात नव्हतं. ज्याचं कारण विहिरीत होतं ते बायकांनी स्वतःच्या कुशीत शोधलं.

न्यायालयात काय झालं ते थोडक्यात सांगतो. सैनिकाला सेवेदरम्यान झालेल्या इजेसाठी सरकारवर दावा लावता येत नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा ‘फेरेस’ निकाल आहे. म्हणजे जवान स्वतः बाद. बायका-मुलांनी दावे लावले तर उत्तर कॅरोलायनाचा कायदा आडवा आला. प्रदूषणाच्या शेवटच्या कृत्यानंतर दहा वर्षांत दावा हवा, मग ते प्रदूषण तुम्हाला कळलेलं असो वा नसो. गुन्हा लपवून ठेवायचा, दहा वर्षं जाऊ द्यायची आणि मग म्हणायचं की उशीर झाला! २०१९ मध्ये नौदलाने चार हजारांहून अधिक दावे एका फटक्यात फेटाळले.

तोवर रस्त्यावरचं आणि संसदेतलं काम चालूच होतं. ६ ऑगस्ट २०१२ ला ओबामांनी सही केलेल्या कायद्याने बाधित सैनिक आणि कुटुंबीयांना उपचार मिळाले. त्या कायद्याच्या संबंधित भागाला जेनीचं नाव आहे. (त्याच्या अवघे ४० दिवस आधी, २७ जून २०१२ ला, मॉन्टफर्ड पॉइंटच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय मरीननां संसदेचं सुवर्णपदक मिळालं होतं. एकाच तळाचे दोन हिशेब एकाच उन्हाळ्यात, ७० वर्षांनी आणि २५ वर्षांनी.) दावा लावण्याचा हक्क मिळायला मात्र १० ऑगस्ट २०२२ उजाडावा लागला. मुदत दोन वर्षांची, आणि तेवढ्यात चार लाखांहून अधिक दावे दाखल झाले. २०२३ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की, लेजूनच्या माजी सैनिकांत पार्किन्सनचा धोका कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या मरीन तळावरच्या सैनिकांपेक्षा ७० टक्के जास्त आहे. आणि ट्रायक्लोरोइथिलीनवर अमेरिकेने बंदीचा नियम केला तो डिसेंबर २०२४ मध्ये.

हे झालं निष्काळजीपणाचं आणि लपवाछपवीचं विष. आता जाणूनबुजून, कातडीचा रंग बघून दिलेलं विष पाहू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच सुमारे ६०,००० सैनिकांवर मस्टर्ड वायू आणि तत्सम रासायनिक अस्त्रांचे प्रयोग केले. काहींच्या हातावर थेंब टाकले, काहींना वायूच्या कोठडीत कोंडलं, काहींना विष फवारलेल्या मैदानावर उभं केलं. यांतले काही प्रयोग वंशानुसार होते. कृष्णवर्णीयांची कातडी हा वायू जास्त सहन करते का? तसं असेल तर वायुहल्ला झालेल्या भूमीवर त्यांनाच पुढे पाठवता येईल. जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या कातडीवर परिणाम कसा होतो? त्यावरून जपानी शत्रूवर कसा होईल ते कळेल. प्वेर्तो रिकोच्या सैनिकांना पनामाजवळच्या बेटावर नेलं. गोरे सैनिक ‘सामान्य’ माणसाचं माप म्हणून वापरले. वंशाधारित प्रयोगांचा हा इतिहास सुसान स्मिथ या इतिहासकार बाईंनी २००८ मध्ये उजेडात आणला आणि २०१५ मध्ये पेंटॅगॉनने तो पत्रकारांसमोर मान्य केला. सैनिकांकडून मौनाची शपथ घेतलेली होती. कातडी सोलवटून निघत असताना स्वतःच्या डॉक्टरलाही त्यांना कारण सांगता येत नव्हतं.

याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इंग्रजांच्या पोर्टन डाऊन या रासायनिक अस्त्रकेंद्रातले शास्त्रज्ञ रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यात येऊन बसले होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी ब्रिटिश हिंदी लष्करातल्या शेकडो भारतीय जवानांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. जवानांना वायूच्या कोठडीत पाठवलं जाई, काहींना फक्त अर्धी चड्डी आणि सुती सदरा घालून. प्रश्न तोच, भारतीय कातडी इंग्रजांच्या कातडीपेक्षा जास्त भाजते की कमी? भाजल्यामुळे अनेक जवान रुग्णालयात पडून होते, गंभीर भाजलेले रुग्ण अत्यंत दुःखी आणि खचलेले असतात, अशी नोंद १९४२ च्या त्यांच्याच अहवालात आहे. ही कागदपत्रं लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली आणि २००७ मध्ये ‘गार्डियन’ने छापली.

हे जवान कोण होते? कोणत्या पलटणीचे, कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे? बातमीत ‘भारतीय सैनिक’ एवढंच येतं. मी इथे मुद्दाम जपून लिहितो आहे. त्यांत आपले लोक होते असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय व्हॉट्सॲपवर फिरवायचे दावे करायला हा लेख लिहिलेला नाही. पण ज्या लष्करात कोण कोणत्या पलटणीत आणि कोण कोणत्या कामावर हे जात बघून ठरत होतं, त्या लष्करात वायूच्या कोठडीत कुणाला धाडायचं हे मात्र जात न बघता ठरलं असेल, असं गृहीत धरायलाही कुणाकडे पुरावा नाही.

आणि स्वतंत्र भारतात? संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्यामागे शिस्तीचं कारण आहे आणि ते मी नाकारत नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रज गेले तरी तसाच आहे. पण छावणीतल्या नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल, दारूगोळा कारखान्याशेजारच्या विहिरीचा अहवाल, हे काय राष्ट्रीय गुपित आहे? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात भूदल, नौदल, वायुदल सरसकट वगळलेली नाहीत. सुरक्षेला बाधा आणणारी माहिती नाकारता येते, पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनचं प्रमाण त्यात कसं बसतं हे अधिकाऱ्याने लेखी सांगावं. आपल्या किती वस्त्या देहूरोड, खडकी, कामठी, भुसावळ, वरणगाव इथल्या लष्करी भिंतींना लागून आहेत, हे वेगळं सांगायला नको. अर्जाची फी दहा रुपये आहे. मागच्या पाच वर्षांचे भूजल तपासणीचे अहवाल मागा. ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, लेजूनची केस अशाच कागदांवर उभी राहिली.

रावळपिंडीचं काम मात्र लंडनला जाऊनच होईल. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुलं-मुली दरवर्षी इंग्लंडला जातात. त्यांतल्या इतिहासाच्या, कायद्याच्या, सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. राष्ट्रीय अभिलेखागार क्यू इथे आहे, डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्सला उतरायचं आणि दहाएक मिनिटं चालायचं. वाचक-कार्ड फुकट मिळतं. पोर्टन डाऊनच्या फायली मागवा आणि रावळपिंडीच्या अहवालांना जोडलेल्या याद्या बघा. नावं असतील तर नावं, नसतील तर पलटणीचे क्रमांक उतरवून घ्या आणि इकडे पाठवा.